भिंतीवर टांगलेली कुंची

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मी माझ्या सासूबाईंची कुंची देऊन टाकली. कुणा एकाला दिली असंही नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला एका बंद दुकानाची लांब भिंत आहे, तिच्यावर खुंट्या ठोकल्या आहेत, तिथं नेऊन टांगली. जास्त असेल ते ठेवून जा, गरज असेल ते घेऊन जा, असं त्या भिंतीवर मोठ्या हिंदी अक्षरांत लिहिलेलं आहे. ते वाक्य माझं. निळा रंगही मीच मारला, पोटुशी असताना, स्टुलावर चढून. नवरा खाली स्टूल धरून उभा होता आणि म्हणत होता, "अगं, क्रांती डिलिव्हरीनंतर कर ना."

कुंची म्हणजे काय हे मला तेव्हा माहीत नव्हतं. हे कुणाला पटत नाही. मराठी घरात, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात वाढलेली मुलगी आणि कुंची माहीत नाही? पण आमच्या घरी तसलं काही नव्हतंच. बाबा पत्रकं लिहायचे, छापायचे, कारखान्यांच्या गेटांवर उभे राहून वाटायचे. मी अक्षरं पत्रकांवर शिकले, घड्या घालायला पत्रकांवर शिकले, आणि पावसाळ्यात माझ्या होड्या पत्रकांच्याच असायच्या. घरात पेटी नव्हती, कारण पेटीत ठेवण्यासारखं काही नव्हतं. ज्याचा वापर नाही ते दुसऱ्याचं आहे, तुम्ही फक्त अडवून बसला आहात, असं बाबा म्हणायचे. मी ते म्हणणं तसंच उचललं. अजूनही ते मला खरं वाटतं. एवढंच की आता थकल्यासारखं वाटतं.

तर कुंची. तान्ह्या बाळाच्या डोक्यावर घालायचं टोपरं, पण मागं पाठीवर झालरीसारखं लोंबणारं, कान पूर्ण झाकणारं, हनुवटीखाली बंदांनी बांधायचं. सासूबाईंची कुंची जांभळ्या खणाची होती, आत लाल मऊ अस्तर, कडेला जरीचा बारीक काठ. त्यांच्या आईनं त्यांच्यासाठी शिवली होती. मग त्यांच्या पाठची दोन भावंडं, मग माझी नणंद, मग माझा नवरा, सगळ्यांच्या थंड्या तिच्यात गेल्या. एका बाजूला उंदरानं कुरतडलं होतं, तिथं लाल दोऱ्यानं रफू केलेलं होतं. हे सगळं मला नंतर कळलं. माझी लेक जूनमध्ये जन्मली. ग्वाल्हेरच्या जूनमध्ये बाळाला कुणी कुंची घालत नाही, झबलंसुद्धा नको वाटतं. पहिल्या संक्रांतीला आम्ही नवऱ्याच्या नोकरीमुळे भोपाळला होतो, दुसऱ्या संक्रांतीला तिला ताप होता. म्हणून कुंची कधी बाहेर निघालीच नाही.

डिसेंबरात सासूबाई दहा दिवस नणंदेकडे इंदूरला गेल्या होत्या. इथं अशी थंडी पडली की सकाळच्या शाळा उशिरानं भरायला लागल्या. मी त्याच शाळांपैकी एकीत शिकवते. धुक्यात जायचं, धुक्यात यायचं, घरी आल्यावर अडीच वर्षांच्या मुलीचं नाक पुसायचं. सासूबाईंचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्या पेटीत वरती जुने स्वेटर आहेत, ते देऊन टाक तुझ्या भिंतीवर. खूप ठंड पडली आहे, कुणाला तरी होतील." मी पेटी उघडली. वरती स्वेटर होते, त्यांच्याखाली जुन्या लुगड्यात बांधलेलं एक गाठोडं होतं. लेक मागून केस ओढत होती. मी गाठोडंही उचललं.

भिंतीवर मी एकेक कपडा नीट टांगला. कुंची हातात आली तेव्हा मला वाटलं, कसली छान उबदार टोपी आहे, कुणाच्या तरी बाळाच्या कानाला वारा लागणार नाही. मी तिचा फोटोसुद्धा काढला. त्या दिवशी मी घरी आले तेव्हा खूप दिवसांनी जरा बरं वाटत होतं.

सासूबाई परत आल्या आणि तिसऱ्या दिवशी चहा गाळताना म्हणाल्या, "या वर्षी हिचं बोरन्हाण करून टाकू. पाच वर्षांपर्यंत चालतं, पण मग मुलं पळायला लागतात. पेटीतली कुंची काढून उन्हात ठेव जरा. आता डोक्याला काही बसणार नाही तिच्या, नुसती वर ठेवू, फोटो काढू."

"कुंची म्हणजे?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला कळलं.

त्यांनी हातानं डोक्याभोवती, मग पाठीवर खूण करून दाखवली. "जांभळी. लुगड्यात बांधलेली आहे बघ."

आणि मी म्हणाले, "हो हो. ती मी ड्रायक्लीनला दिली आहे."

का म्हणाले? मी सरकारी खोटेपणावर लेख लिहिते. शाळेत मुलांना सांगते की चूक झाली तर आधी बोला, शिक्षा अर्धी होते. आणि तोंडातून ड्रायक्लीन बाहेर पडलं, इतक्या सहज, की मीच चकित झाले. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "खणाला ड्रायक्लीन? बरं केलंस. सांभाळून करतो ना तो?"

"करतो," मी म्हणाले.

नवऱ्याला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. तो आधी हसला, मग हसणं थांबवून खाटेवर बसला. "यार, ती नानीची होती. आईसमोर कोणी तिला हातसुद्धा लावायचं नाही. सांगून टाक ना."

"सांगते. आधी शोधते."

"कहाँ शोधेगी? तूच लिहिलंस ना, घेऊन जा म्हणून. लोग ले गए."

भिंतीवरून अर्थातच ती गेली होती. तिथं आता एक फाटकी पँट आणि एकाच पायातला बूट उरला होता. भिंतीवरचे कपडे नेहमी गरजूंनाच मिळतात असं नाही, हे मला ठाऊक होतं. काही जण पहाटे येऊन चांगलं चांगलं उचलतात आणि जुन्या बाजारात विकतात. त्यावर मी एकदा रागानं पत्रकही काढलं होतं. आता मी मनातल्या मनात प्रार्थना करत होते की हिलाही कुणीतरी विकलेलं असू दे, म्हणजे मला ती परत विकत घेता येईल. कुण्या गरीब बाळाच्या डोक्यावर ती असली तर मी काय करणार होते? त्याचा विचार मी केला नाही.

मग रविवार सुरू झाले. सासूबाईंना सांगायचं, बाळाला फिरवून आणते. आणि लेकीला कडेवर घेऊन नई सडकेवरच्या, तिच्या मागच्या गल्ल्यांतल्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत हिंडायचं. लोकांना हे हौसेचं काम वाटतं. हल्ली दिल्लीहून माणसं येतात, जुने दिवे, जुनी कुलपं, पितळी डबे घेतात, घरात मांडून ठेवतात. मी नाक गळणाऱ्या मुलीला घेऊन, फोनवरचा एक फोटो दाखवत फिरत होते, "भैया, ऐसी टोपी आई है क्या?"

"ये? ये तो नाटक वालों की होगी."

"नहीं, बच्चे की है."

"इतनी पुरानी बच्चे की? बच्चा भी अब तो दादा हो गया होगा."

लेकीला मात्र ही दुकानं फार आवडली. कडेवरून उतरून ती सरळ ढिगात शिरायची. कपबश्या, तुटकी घड्याळं, पितळी नळ, बिनदोरीचे भोवरे. प्रत्येक दुकानातून निघताना तिच्या मुठीत काहीतरी असायचं आणि ते काढून घ्यायला गेलं की गल्ली डोक्यावर घ्यायची. पहिल्या रविवारी आम्ही एका पितळी डब्याचं नुसतं झाकण घेऊन घरी आलो. दुसऱ्या रविवारी अडकित्त्याचा अर्धा भाग. नवरा दार उघडायचा, आमच्या हातांकडे बघायचा आणि म्हणायचा, "वाह. हे पण ड्रायक्लीनवाल्यानं दिलं?"

दुसऱ्याच रविवारी मला एक म्हातारा भेटला, जो जुनी जर विकत घेतो. जुनी लुगडी, शालू, फेटे त्याच्याकडे येतात, तो काठ कापून घेतो, जाळतो आणि राखेतून चांदी काढतो. दुकान म्हणजे एक तख्त, एक तराजू आणि भिंतीला टेकवलेली कापलेल्या काठांची बोचकी. मी फोटो दाखवला. त्यानं चष्मा कपाळावर चढवला.

"किनारी असली लगती है. आई होती तो याद रहती." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आई भी होती तो बिटिया, अब तक गल गई होती. हम कपड़ा नहीं देखते, तार देखते हैं."

"और जो कपड़ा बचता है?"

"पोंछा बन जाता है."

लेक बोचक्यांतली एक चकचकीत पट्टी ओढत होती. मी तिला उचललं आणि बाहेर आले. धुकं अजून पूर्ण उठलं नव्हतं, सायकलवाले तोंडाला मफलर गुंडाळून चालले होते, आणि मला तिथंच पायरीवर बसावंसं वाटलं. बसलेही. लेकीनं माझ्या गालावर तिचं ओलं नाक टेकलं आणि म्हणाली, "मम्मा, टोपी गल गई." सगळं ऐकत होती ती. हिंदी तर ती आमच्यापेक्षा आधी उचलते.

घरी सासूबाईंचा हलवा सुरू झाला होता. बोरन्हाणाला मुलाच्या अंगावर हलव्याचे दागिने घालतात, काळ्या कपड्यावर पांढरे, मुकुट, हार, बाजूबंद. पुण्या-मुंबईत ते दुकानात तयार मिळतात म्हणे. इथं मिळत नाहीत, आणि मिळाले तरी सासूबाईंनी घेतले नसते. रोज सकाळी गच्चीत अंगीठीवर परात ठेवायची, तीळ अगदी मंद आचेवर गरम करायचे, चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचं. मग पुन्हा चमचाभर पाक. तिळावर साखरेचा थर चढतो, थरावर थर, आणि थंडी कोरडी असेल तर चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांना काटे फुटतात. "इथल्या ठंडीत जो काटा येतो तो कुठेच येत नाही," सासूबाई म्हणायच्या. त्यांची बोटं लाल व्हायची. मी मदतीला बसायचे, माझी बोटं लगेच पोळायची आणि तीळ एकमेकांना चिकटून गोळा व्हायचा.

"तुझा हात जड आहे," त्या म्हणायच्या. "पत्रक वाटल्यासारखं नाही हे. हळू."

शेजारी लेक बसायची, तिचं काम फुटलेला हलवा खाऊन टाकण्याचं. ती अख्खाही खायची. अंगीठीच्या उबेला आम्ही तिघी बसलेल्या असायचो आणि दर दोन दिवसांनी त्या सहज विचारायच्या, "आला का गं ड्रायक्लीनवाला?" आणि मी सहज सांगायचे, "थंडीमुळे त्याच्याकडे गर्दी लागली आहे." त्या खोटं पकडायचा प्रयत्न करत असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या विश्वास ठेवत होत्या.

तिसरा रविवार संक्रांतीच्या चार दिवस आधी आला. ऊन पडलं होतं, कितीतरी दिवसांनी. सासूबाई म्हणाल्या, आज मीही येते, गुडघे मोकळे होतील. म्हणजे शोध बंद. मला खरं तर हायसं वाटलं. आम्ही ई-रिक्षानं फूलबागेत गेलो. त्या दिवशी सगळं शहरच उन्हाला बाहेर आलेलं होतं. लोक गवतावर चादरी टाकून संत्री सोलत होते. सासूबाई बाकावर बसल्या, लेकीनं त्यांची काठी घोडा म्हणून घेतली, आणि मी शेंगा आणायला गेले.

शेंगावाली फाटकाजवळ खाली बसली होती. पुढं शेंगांचा ढीग, ढिगावर निखाऱ्यांचं छोटं मडकं, शेंगा गरम राहाव्यात म्हणून. वय माझ्याएवढंच असेल. मांडीवर चार-पाच महिन्यांचं बाळ होतं, आणि बाळाच्या डोक्यावर जांभळी कुंची.

मी जरीचा काठ पाहिला. मग लाल दोऱ्याचं रफू पाहिलं. पैसे काढायला पर्समध्ये घातलेला हात तसाच राहिला.

"ये टोपी कहाँ से ली?" मी विचारलं. आवाज वर्गातला निघाला.

तिनं बाळाला जवळ ओढलं. "दीवार से ली है. चोरी नहीं की."

"मैंने कब कहा चोरी की?"

"पूछा तो वैसे ही."

खरंच तसंच विचारलं होतं. मी खाली बसले, तिच्या उंचीला. म्हणाले, ही टोपी मला हवी आहे, हिच्या बदल्यात मी नवा लोकरीचा टोपा आणून देते, स्वेटरही देते, आजच. तिनं ऐकून घेतलं. एका गिऱ्हाईकाला शेंगा मोजून दिल्या. मग म्हणाली, "नया ला दोगी तो वो भी पहन लेगी. ये क्यों दूँ? टोपा ये खींच के फेंक देती है. ये बँध जाती है. इसके कान बहते थे, जब से ये पहनी है, सूखे हैं."

बाळ माझ्याकडे बघत होतं, गाल फुटलेले, कान झाकलेले. हेच तर मला हवं होतं. त्या दिवशी भिंतीसमोर उभी राहून मी नेमकं याच बाळाचा विचार केला होता. आणि आता ते बाळ समोर आल्यावर मी त्याच्या डोक्यावरचं काढून घ्यायला बसले होते.

मागून काठीचा आवाज आला. सासूबाई. लेक त्यांचं बोट धरून "मूमफली, मूमफली" करत होती. सासूबाईंनी आधी बाळाकडे बघून हसायला तोंड उघडलं, जसं कुठल्याही बाळाकडे बघून उघडतात, आणि मग त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं. त्या वाकल्या. एका बोटानं त्यांनी लाल रफूला हात लावला.

"ही माझी आहे," त्या मराठीत म्हणाल्या. मग हिंदीत, "ये मेरी है. मेरी माँ ने सिली थी."

"अम्मा, दीवार पे टँगी थी."

"मैंने नहीं टाँगी."

"तो किसने टाँगी?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. शेंगावालीनं पाहिलं. ती हुशार होती, एवढ्या वेळात तिला सगळं कळलं होतं. "दीदी, आप बताओ. किसने टाँगी?"

"मैंने," मी म्हणाले.

"अपनी मर्ज़ी से?"

"हाँ."

"तो अब किसकी हुई?"

आजूबाजूला दोन-चार माणसं थांबली होती. लेक ढिगातून शेंगा उचलत होती. मी सासूबाईंचा हात पाहत होते, तो अजून कुंचीच्या काठावर होता, हलव्यानं पोळलेली बोटं. मला वाटत होतं, या बाईनं आता दया येऊन द्यावी. द्यावी आणि मला सोडवावं. ती देणार नव्हती, आणि तिनं द्यायलाही नको होती.

"तुम्हारी," मी म्हणाले.

सासूबाईंनी हात काढून घेतला. लेकीच्या मुठीतल्या शेंगा त्यांनी मोजून परत ढिगात ठेवल्या, तिचं बोट धरलं आणि फाटकाकडे चालायला लागल्या. ई-रिक्षात त्या माझ्या समोर बसल्या होत्या आणि पूर्ण रस्ता माझ्या खांद्यावरून मागं बघत होत्या.

त्यानंतर दोन दिवस त्या माझ्याशी लेकीमार्फत बोलल्या. "तुझ्या आईला सांग, दूध उतू जातंय." "तुझ्या आईला विचार, पांढरी चादर वाळत घातली आहे का ड्रायक्लीनला दिली आहे." लेक इमानेइतबारे धावत यायची आणि सांगायची, "मम्मा, डायकीन!" नवरा ताटात मान घालून जेवायचा. एकदा त्यानं मध्ये पडायचा प्रयत्न केला. "आई, छोड़ो ना आता, तिनं काय जाणूनबुजून..." सासूबाई म्हणाल्या, "तू चूप बस. तुलाही माहीत होतं." त्यानं आणखी एक पोळी घेतली.

बोरन्हाण रद्द होईल असं मी धरून चालले होते. मला चाललं असतं. अंगात काही शिल्लक नव्हतं, शाळेत चाचणी परीक्षा सुरू होत्या, आणि हलव्याला काटे आले होते पण तो एका डब्यात पडून होता. संक्रांतीच्या आदल्या दिवशी मी शाळेतून आले तर सासूबाई घरी नव्हत्या. लेकीला शेजारणीकडे ठेवून गेल्या होत्या. कुठं गेल्या ते शेजारणीला माहीत नव्हतं. तासाभरानं त्या आल्या, धापा टाकत, काखेत घडी केलेलं वर्तमानपत्र.

त्यांनी ते जमिनीवर पसरलं. पेन्सिलीनं त्यावर कुंचीचा आकार उतरवलेला होता, डोक्याचा गोल भाग वेगळा, पाठीचा वेगळा. शिलाईच्या जागी बारीक ठिपके.

"शेंगावालीकडे गेला होतात?" मी विचारलं.

त्यांनी थेट माझ्याकडे बघून उत्तर दिलं, तीन दिवसांत पहिल्यांदा. "बाळ झोपेपर्यंत बसले. मग कुंची सोडू दिली तिनं. पण पूर्ण वेळ हात धरून होती एका टोकाला. मी घेऊन पळते की काय." त्यांना किंचित हसू आलं. "मीही धरलं असतं."

काळ्या चोळीच्या कापडाचा तुकडा त्यांनी काढून ठेवलेलाच होता. मापाहून चार बोटं वाढवून मी कात्री चालवली, त्यांनी टाके घातले. लेक वर्तमानपत्राच्या उरलेल्या कपट्यांवर बसून ते फाडत होती.

"कुंची गेली त्याचं मला वाईट वाटलं," त्या सुईत दोरा घालता घालता म्हणाल्या. दोरा जात नव्हता. मी हात पुढं केला, त्यांनी दिला नाही. "खूप वाईट वाटलं. पण तुला माहीत नव्हतं. माहीत नसताना माणूस काहीही देऊन टाकतं. आणि तिथं तू त्या मुलीच्या बाजूनं बोललीस तेही ठीक आहे. तुझ्या बापानं शिकवलेलं आहे ते." दोरा गेला. "पण पंधरा दिवस तू माझ्यासमोर बसून, परातीत हात घालून... ते कुणी शिकवलं?"

चिडून बोलायला माझ्याकडे नेहमी काहीतरी असतं. पत्रकाचं एखादं वाक्य, एखादा मुद्दा. त्या दिवशी मी म्हणाले, "कुणी नाही. मी थकले होते. मग भ्याले. मग रोज पुढं ढकललं."

"हं," त्या म्हणाल्या. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत.

संक्रांतीला बोरन्हाण झालं. लेकीला काळा झगा, हलव्याचा मुकुट, हार, आणि वर ती नवी कुंची, जी एका बाजूला जरा तिरकी झाली होती कारण कात्री माझी होती. गल्लीतली सहा-सात मुलं जमली. सासूबाईंनी तिच्या डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, रेवड्या ओतल्या. मुलं तुटून पडली. लेक आधी घाबरली, मग तिला कळलं की हे सगळं खायचं आहे, आणि मग ती कुंचीसकट खाली वाकून इतरांबरोबर गोळा करायला लागली. मुकुटावरचा हलवाही तिनं तोडून खाल्ला. नवऱ्यानं फोटो काढले. एकातही ती कॅमेऱ्याकडे बघत नाही. मी भिंतीला पाठ लावून उभी होते आणि मला एवढंच वाटत होतं की आता झाडू मारायचा आहे, चुरमुरे पलंगाखाली गेले आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी विचारलं, "त्या गाठोड्यात अजून काय होतं?"

मी आठवून सांगितलं. एक लाल झबलं. दोन दुपटी. एक छोटं काळं टोपडं, मोत्यांचं. ते सगळं गेलं.

त्यांनी ऐकून घेतलं. मोत्यांच्या टोपड्याचं त्यांनी एकदा परत विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "आणि माझ्या सासूबाईंची तांब्याची लोटी? ती पण त्याच पेटीत होती, तळाशी."

"लोटी नाही गेली. ती मी माळ्यावर ठेवली आहे, मोठ्या भांड्यांबरोबर. खरंच."

"खरंच" मी का जोडलं, मला माहीत नाही. पूर्वी जोडावं लागत नव्हतं.

त्या मटार सोलत होत्या. शेंगेतून दाणे काढले, ताटात टाकले, आणि मान वर न करता म्हणाल्या, "दाखव."

शाळेला उशीर होत होता. मी स्टूल ओढलं, माळ्यावर हात घातला, दोन पातेली बाजूला केली, आणि लोटी काढून खाली आणली. काळी पडली होती. त्यांनी ती हातात घेतली, उलटी करून बुडाकडचं नाव बोटानं चाचपलं, आणि परत माझ्या हातात दिली.

"ठेव," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा स्टुलावर चढले.